औषधी वनस्पतींचं बी गोठवून ठेवायचंय? बेळगाव-खानापूर भागातून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

झाडपाल्याचं औषध देणाऱ्या घरांतली तरुण मुलं, निपाणी-चिकोडीकडचे शेतकरी, परसात चार औषधी झाडं राखणाऱ्या बायका, शाळेत बीजपेढी काढू पाहणारे विज्ञानाचे शिक्षक. यांच्याकडून हे प्रश्न फिरून फिरून येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून काढली. क्रमाने वाचलीच पाहिजेत असं नाही. फक्त वाळवण्याचा भाग गाळून थेट फ्रीझरकडे उडी मारू नका.

बी गोठवलं तर मरत नाही का?

ओलं असेल तर मरतं. बियाच्या पेशीत मोकळं पाणी असलं की गोठताना त्याचे स्फटिक होतात आणि ते पेशींची पापुद्र्यासारखी आवरणं फाडतात. पण बी नीट वाळलेलं असेल तर आत बर्फ व्हायला पाणीच उरत नाही. पेशीतला रस घट्ट होत होत काचेसारखा होतो आणि आतल्या सगळ्या क्रिया जवळपास थांबतात. झीज कमी, म्हणून आयुष्य जास्त. जगभरातल्या बीजपेढ्यांचं सगळं काम एवढ्या एका गोष्टीवर उभं आहे. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या मानकांत दीर्घकाळ साठवणीसाठी उणे १८ अंश सेल्सिअस हे तापमान दिलं आहे, तीन अंश इकडे किंवा तिकडे. नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये २००८ साली उघडलेल्या जागतिक बीजकोठारातही तेच तापमान राखतात.

म्हणजे चांगला डीप फ्रीझर घेतला की काम झालं?

नाही. फ्रीझर हा या कामातला सोपा आणि विकत मिळणारा भाग. अवघड भाग वाळवण्याचा, आणि आपल्याकडे तर तो जास्तच अवघड, कारण जूनपासून ऑक्टोबरपर्यंत जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात हवाच ओली असते.

बीजशास्त्रात हॅरिंग्टनचा म्हणून एक ढोबळ ठोकताळा आहे. बियातली ओल एक टक्क्याने कमी केली की त्याचं आयुष्य दुप्पट, आणि साठवणीचं तापमान पाच अंशांनी उतरवलं की पुन्हा दुप्पट. हा हिशेब साधारण ५ ते १४ टक्के ओल आणि ० ते ५० अंश तापमान यांच्या दरम्यानच चालतो. आता गणित करा. १२ टक्के ओलीचं बी ६ टक्क्यांवर आणलं तर आयुष्य कागदावर ६४ पट होतं. तेच बी न वाळवता २५ अंशांच्या खोलीतून ५ अंशांच्या फ्रीजमध्ये ठेवलं तर १६ पट. म्हणजे फ्रीज नसलेल्या घरातलं खडखडीत वाळलेलं, हवाबंद बी हे फ्रीजमधल्या अर्धवट ओल्या बियाला सहज मागे टाकतं. ज्यांच्याकडे पैसे थोडे आहेत त्यांनी ते आधी वाळवण्याच्या सोयीवर घालावेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सगळ्याच औषधी झाडांचं बी असं ठेवता येतं?

नाही, आणि सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. १९७३ साली रॉबर्ट्स या शास्त्रज्ञाने बियांचे दोन गट पाडले. एक वाळवलेलं सोसणारा, दुसरा न सोसणारा. पुढे १९९० साली त्यांत मधल्या गटाची भर पडली.

वाळवून गोठवता येण्याजोगी: अश्वगंधा, तुळस, शतावरी, कळलावी, बावची, गुंज, सागरगोटा, मुरुडशेंग, आवळा, हिरडा, बेहडा. सर्पगंधाही यातच धरतात, तिच्याबद्दल पुढे वेगळं सांगतो.

अजिबात न वाळवायची: भिरंड म्हणजे कोकम, सीता अशोक, जायफळ आणि रानजायफळ, जांभूळ. आंबा आणि फणसही याच गटातले. ही बियाणी झाडावरून पडतात तीच ओली आणि उगवायच्या तयारीत असतात. वाळवाल तर मरतात, न वाळवता गोठवाल तरी मरतात. भिरंडाच्या बिया फ्रीझरच्या डब्यात ठेवणं म्हणजे त्या फेकून देणंच, फक्त जरा सावकाश.

आपल्या जिल्ह्यात यातली एक संगती डोळ्यांनी दिसते. अथणी-रायबागकडच्या कोरड्या माळावरच्या झाडांना बी महिनोन् महिने मातीत कोरडं पडून राहणं भागच असतं, म्हणून ती बहुतेक वाळवण सोसणारी. खानापूरच्या पश्चिमेला, चोर्ला घाटाकडच्या सदाहरित रानात जमीन कायम ओली असते, बी पडलं की लगेच रुजतं, म्हणून तिथल्या मोठ्या झाडांत न सोसणारी जास्त. हा नियम नव्हे, पण अनोळखी झाडाचं बी हातात आलं तर पहिला अंदाज इथून बांधावा.

मधला गट म्हणजे कोणता?

थोडं वाळलेलं चालतं, जास्त वाळवलं की बिघडतं, आणि वाळलेल्या स्थितीत कडक थंडीही सोसत नाही. कॉफी हे याचं ठरलेलं उदाहरण, पपईही त्यातलीच. आपल्या कामाचा म्हणजे कडुनिंब. निंबोणीचे निकाल ठिकठिकाणी वेगवेगळे आले आहेत, त्यामुळे सगळी निंबोणी गोठवून निर्धास्त होऊ नका. गर धुऊन सावलीत सुकवायची आणि त्याच हंगामात लावायची, हे बरं. कडुनिंबाची झाडं गावोगाव उभी असताना त्याचं बी गोठवायची घाईही नाही.

यादीत नाव नसलेलं बी कसं पारखायचं?

दोन-चार खुणा आहेत. मोठं, जड, चिरल्यावर आत ओलसर, पावसाच्या तोंडावर गळणारं आणि आठ दिवसांत मोड काढणारं बी असेल तर सावध राहा. बारीक, टणक, सुकलेल्या बोंडातून किंवा शेंगेतून पडणारं असेल तर बहुतेक वाळवता येतं.

खात्री हवी तर मूठभर बियांवर प्रयोग करा. त्यांचे तीन वाटे करा. एक ताजा पेरा, एक वाळवून पेरा, एक वाळवून महिनाभर फ्रीझरमध्ये ठेवून मग पेरा. वाळवल्यावरच उगवण कोसळली तर कळलं. वाळवून चांगली आली आणि थंडीनंतर घसरली तर मधला गट. सगळा साठा पणाला लावण्याआधी हे कराच.

बी कधी गोळा करायचं?

पूर्ण पिकल्यावर, गळायच्या जरा आधी. कोवळं बी वाळवलं तर टिकत नाही, कारण वाळवण सोसायची ताकद त्यात शेवटी शेवटी येते. कळलावीचं बोंड तडकून आतले शेंदरी-लाल दाणे दिसायला लागले की ती वेळ. सर्पगंधाची फळं एकदम पिकत नाहीत. एकाच झुपक्यात काळी-जांभळी आणि हिरवी शेजारी शेजारी असतात, म्हणून दर चार-आठ दिवसांनी फेरी मारून काळी झालेली तेवढी तोडायची.

फळातून बी काढायची पद्धत काय?

अश्वगंधेचं उदाहरण घेऊ. टिपारीसारख्या कागदी खोळीत नारिंगी-लाल, वाटाण्याएवढं फळ असतं. खोळ सुकून भुरी झाली आणि फळ लाल झालं की तोडा. खोळी चोळून काढा, फळं तळहाताने कुस्करून पाण्यात टाका आणि रात्रभर राहू द्या. सकाळी गर सुटून वर येतो, भरलेले दाणे तळाला बसतात. वरचं ओतून द्या, पुन्हा पाणी घाला, पुन्हा ओता. पाणी नितळ होईपर्यंत हे चालू ठेवायचं. मग चाळणीवर निथळवून पातळ सुती फडक्यावर पसरा. कागदावर पसरू नका, गराचा चिकटा राहिला असेल तर दाणे कागदाला धरतात आणि खरवडून काढताना सालपट निघतं. दाणे पिवळसर, चपटे, मूत्रपिंडाच्या आकाराचे दिसतील. फडक्यावर बोट फिरवलं की सुटे पळायला लागले, म्हणजे वरचं पाणी गेलं. आतलं अजून आहे.

शतावरीच्या लाल फळांनाही हीच रीत. सर्पगंधाचे धुतलेले दाणे मिठाच्या पाण्यात टाकून तरंगणारे वेगळे करतात, कारण तिच्यात पोकळ दाणे फार निघतात. पोकळ दाणा कितीही नीट गोठवला तरी पोकळच राहणार.

रानातून बी आणलं तर चालतं का?

कुठल्या रानातून, त्यावर आहे. भीमगड अभयारण्यातून वनखात्याच्या परवानगीशिवाय काहीही उचलायचं नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा तिथे लागू आहे. राखीव जंगलाला कर्नाटकाचा १९६३ चा वन कायदा आहे. त्या बाहेरही २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते, तिच्या कानावर घालून काम करावं. गावाच्या जैवविविधता नोंदवहीत तुमच्या कामाची नोंद झाली तर उत्तमच.

कायद्यापलीकडची शिस्तही आहे. त्या दिवशी झाडावर जेवढं पिकलेलं बी दिसतंय, त्याच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त घ्यायचं नाही, हा जगातल्या मोठ्या बीजपेढ्यांचा दंडक आहे. रानात तीनच झाडं उरली असतील तर त्याहूनही कमी. नरक्याची झाडं कॅन्सरवरच्या औषधात लागणाऱ्या कॅम्प्टोथेसिनसाठी सह्याद्रीत किती तोडली गेली हे या भागात वेगळं सांगायला नको. त्यांचं बी वाचवण्याच्या नादात उरलेल्या झाडांखाली एकही रोप उगवू दिलं नाही, तर काय साधलं?

एका झाडाचं बी घेतलं तर पुरे ना?

मोजकंच मिळत असेल तर एकाचंही घ्या. पण एका झाडाच्या लेकरांत गुण आणि दोष बरेचसे सारखेच येतात. जमेल तिथे ५० वेगवेगळ्या झाडांचं थोडं थोडं घ्यावं असा संकेत आहे. सगळ्यात टपोरी फळं तेवढी निवडायचा मोह आवरा, खुरटलेल्या झाडातही कामाचं काही असू शकतं. आणि कणकुंबीचं बी नि चिकोडीचं बी एका पिशवीत कधीच मिसळू नका. पाऊस वेगळा, माती वेगळी, झाडाची सवयही वेगळी.

पावसाळ्यात बी वाळवायचं कसं? उन्हाचा पत्ताच नसतो.

उघड्या हवेत ते होणारच नाही, पंख्याखालीसुद्धा. बी भोवतालच्या हवेशी ओलीची देवाणघेवाण करत असतं. हवा चिंब असेल तर वाळलेलं बीही ओल ओढून घेतं. मोठ्या बीजपेढ्यांत यासाठी खास खोली असते, तापमान ५ ते २० अंश आणि हवेतली आर्द्रता १० ते २५ टक्के. आपल्याला तेवढीच कोरडी हवा एका डब्यात तयार करायची आहे.

सोपा मार्ग सिलिका जेलचा. घट्ट झाकणाचा, रबरी कड असलेला डबा घ्या. तळाला बियाच्या वजनाइतकं, शक्य तर दुप्पट-तिप्पट सिलिका जेल घाला. वर जाळी, जाळीवर सुती पुरचुंडीत बी. रंग बदलणारं जेल थोडं तरी मिसळा, नारिंगीचं हिरवं होणारं. जुन्या निळ्या जेलात कोबाल्टचं क्षार असतं, ते पोरांच्या हाती लागू नये. रंग बदलला की जेल काढून शंभर-सव्वाशे अंशांवर ओव्हनमध्ये किंवा जाड तव्यावर मंद आचेवर तापवायचं आणि बंद बरणीत गार करून पुन्हा वापरायचं. वर्षानुवर्षं तेच चालतं.

जेल नाही मिळालं तर तांदूळ आहेतच. जाड, स्वस्तातला तांदूळ कढईत कोरडा भाजा, दाणे कडक होऊन खडखड वाजेपर्यंत. गरम असतानाच पत्र्याच्या डब्यात घालून झाकण लावा आणि पूर्ण गार झाल्यावरच बियाखाली पसरा. बियाच्या तिप्पट तरी घ्या आणि दोन-तीन दिवसांनी बदला. लाकडी कोळसा खडखडीत तापवून गार केला तर तोही असाच ओल ओढतो. यासाठी बासमती भाजू नका एवढंच, बेळगावात तरी ते पाप आहे.

आणि उन्हात?

कडक उन्हात पत्र्यावर किंवा काळ्या ताडपत्रीवर नको, तिथे बी भाजतं. सावलीत, वारं खेळेल अशा जागी. आपल्याकडे जानेवारी-फेब्रुवारीच्या दुपारी हवा चांगली कोरडी असते, अशा दिवसांत सावलीतल्या वाळवणीनेच बरंचसं काम होतं. मात्र संध्याकाळी दव पडायच्या आत घरात घेऊन डब्यात बंद करा, नाहीतर दिवसाची कमाई रात्री परत जाते. शेवटची दोन-तीन टक्के ओल मात्र डब्यातल्या जेलनेच काढावी लागते.

बी पुरेसं वाळलं हे घरी कसं ओळखायचं?

पहिली चाचणी मिठाची. कोरड्या काचेच्या बरणीत बी आणि त्याच्या चौथाईभर कोरडं बारीक मीठ घालून हलवा, दहा-पंधरा मिनिटं ठेवा. मीठ काचेला किंवा बियाला चिकटलं तर बी अजून फार ओलं आहे. मीठ सुटं राहिलं तर बुरशीची भीती गेली म्हणायची. पण हे फ्रीझरसाठी पुरेसं नाही, ही फक्त पहिली पायरी.

खरी खात्री वजनाने. सोनारकाट्यासारखा बारीक काटा असेल तर रोज त्याच वेळी पुरचुंडी तोला. वजन उतरायचं थांबलं आणि ताजं जेल घालूनही दोन-तीन दिवस तेच राहिलं, तर बी त्या डब्याच्या हवेशी समतोलात आलं. जेल काम करत असेल तर अशा वेळी ओल साधारण ४ ते ७ टक्क्यांत असते. तेलकट बियांत कमी, पिठूळ बियांत जास्त.

सुरुवातीची ओल ठाऊक असेल तर शेवटचं वजन आधीच काढता येतं. समजा १०० ग्रॅम बी आहे, ओल १२ टक्के, आणि आणायची आहे ६ वर. बियाचा कोरडा भाग ८८ ग्रॅम, तो शेवटी ९४ टक्के व्हायला हवा. ८८ ला ९४ ने भागून १०० ने गुणा: ९३.६ ग्रॅम. काट्यावर हा आकडा आला की थांबा. ओल मोजण्याची प्रमाण पद्धत म्हणजे थोडं बी तोलून १०३ अंशांवर १७ तास ओव्हनमध्ये ठेवायचं आणि परत तोलायचं. जवळच्या कॉलेजातल्या वनस्पतीशास्त्राच्या प्रयोगशाळेत हे सहज करून मिळतं. तेवढं बी अर्थात गेलं समजायचं.

आजी बी राखेत घालून चुलीवरच्या शिंक्यात टांगायची. ते चूक होतं का?

मुळीच नाही. चुलीच्या धगीने पावसाळाभर बी कोरडं राहायचं, धूर आणि राख किड्यांना दूर ठेवायची. पुढच्या पेरणीपर्यंत बी नेण्यासाठी ते पुरेसं होतं आणि आजही आहे. पंचवीस-तीस वर्षांसाठी ठेवायचं असेल तर पुरत नाही, एवढाच फरक.

कशात भरायचं?

भाजीची पातळ प्लास्टिक पिशवी नको, झिपवालीसुद्धा एकटी नको. साध्या पॉलिथीनमधून वाफ हळूहळू आत शिरते. ॲल्युमिनियमचा थर असलेली जाड पाकिटं सगळ्यात चांगली, तोंड गरम करून बंद करायची. नाहीतर रबरी कड शाबूत असलेली काचेची बरणी. बरणीत एक छोटी जेलची पुडी टाका, ती रंग बदलून सांगते की झाकण दगा देतंय. मोठ्या बरणीपेक्षा लहान लहान पाकिटं करा. एक उघडलं तरी बाकीची तशीच राहतात.

घरचा फ्रीज चालेल का?

चालेल, पण कोणता कप्पा ते बघा. एका दाराच्या फ्रीजमधला बर्फाचा छोटा कप्पा उणे १८ पर्यंत जाईलच असं नाही. काही फ्रीझरवर चांदण्या छापलेल्या असतात, एक म्हणजे उणे ६, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८. वीजबचतीच्या स्टारशी त्यांचा घोळ करू नका. दोन दारांच्या, बर्फ न साचणाऱ्या फ्रीजचा फ्रीझर स्वतःच मधूनमधून थोडा गरम होऊन बर्फ वितळवतो. हवाबंद बियाला त्याने लगेच काही होत नाही, तरी पाकिटं एका जाड डब्यात घालून आत मागे ठेवलेली बरी. आइस्क्रीमच्या दुकानात असतो तसा वर झाकण उघडणारा डीप फ्रीझर यापेक्षा चांगला.

आणि एक. कळलावी आणि गुंज विषारी आहेत. खाण्याच्या वस्तूंशेजारी ठेवणार असाल तर डब्याला कुलूप किंवा चिकटपट्टी, आणि मोठ्या अक्षरांत ‘विषारी’.

लाईट गेली तर?

काही तास, अगदी एक दिवस गेली तरी घाबरू नका. दार उघडू नका, भरलेला फ्रीझर बराच वेळ थंडी धरून ठेवतो. वाळलेल्या, बंद बियाला अधूनमधून थोडं तापमान चढलं तर आयुष्यातला किंचित हिस्सा जातो. खरा धोका वेगळाच: बर्फ वितळून पाणी पाकिटांत शिरणं. म्हणून पाकिटं कधीही फ्रीझरच्या तळाला मोकळी ठेवू नयेत. पावसाळ्यात वाडीवस्तीवर तारा तुटून दोन-तीन दिवस अंधार असतो, त्या गावांनी साठ्याचा अर्धा भाग दुसऱ्या गावात ठेवावा. असंही तो ठेवायलाच हवा.

बियातले किडे मारायला धुरी देऊ का?

गरज नाही. वाळलेलं बी आठ-पंधरा दिवस उणे १८ अंशांवर राहिलं की भुंगे आणि त्यांच्या अळ्या बहुतेक मरतात. भुंग्याने पोखरलेले दाणे मात्र आधीच निवडून टाका.

फ्रीझरमधून काढताना काय काळजी घ्यायची?

पाकीट लगेच फोडू नका. थंड बियावर आपल्या हवेतली वाफ क्षणात दव होऊन बसते, आणि आठवडाभर केलेली वाळवण दहा मिनिटांत वाया जाते. बंद पाकीट रात्रभर खोलीत राहू द्या, सकाळी उघडा. लागेल तेवढं घेऊन उरलेलं परत ठेवायचं असेल तर आधी जेलच्या डब्यात पुन्हा वाळवा.

फार कोरडं बी थेट पाण्यात भिजवलं तर काही दाणे, विशेषतः शेंगवर्गातले, आतून तडकतात. ते आधी एक रात्र ओलसर हवेत ठेवा: ताटलीत पाणी, वर जाळी, जाळीवर बी, सगळ्यावर झाकण. मग पेरा.

चिठ्ठीवर काय लिहायचं?

झाडाचं गावातलं नाव, शास्त्रीय नाव, गाव आणि नेमकी जागा, गोळा केल्याची तारीख, किती झाडांवरून घेतलं, बंद करतानाचं वजन किंवा ओल, आणि पहिल्या चाचणीत शंभरातले किती उगवले. लिहायचं शिसपेन्सिलीने. पेनची शाई ओलीने पसरते, मार्कर काही वर्षांनी उडतो. एक चिठ्ठी आत, एक बाहेर, तिसरी नोंद वहीत.

शास्त्रीय नावाशिवाय ठेवू नका. खानापुरात एकाच वेलीला मराठी घरात एक, कन्नड घरात दुसरं आणि घाटाखाली तिसरं नाव सापडतं, शिवाय एकाच नावाची दोन झाडंही. ओळख पक्की नसेल तर फुलासकट फांदी वर्तमानपत्रात दाबून सुकवा आणि जाणकाराला दाखवा. बेळगावात भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेची राष्ट्रीय पारंपरिक औषध संस्था आहे, आयुर्वेद महाविद्यालयांत द्रव्यगुणाचे प्राध्यापक असतात.

मधे मधे तपासायचं का?

हो. ठेवताना एकदा, मग काही वर्षांनी. मोठ्या बीजपेढ्या साधारण दहा वर्षांनी तपासतात, घरच्या फ्रीझरला तीन-पाच वर्षांनी बरं. ओल्या टिपकागदावर ५० किंवा १०० दाणे मांडून किती उगवतात ते मोजायचं. सुरुवातीच्या उगवणीच्या ८५ टक्क्यांखाली आकडा घसरला की वाट बघायची नाही, ते बी पेरून नवं बी धरायचं. बी थोडंसंच असेल तर चाचणीला दहा-वीस दाणेच घ्या, आकडा ढोबळ येईल, पण साठा संपणार नाही.

कागदावर एकही दाणा उगवला नाही. बी मेलं का?

कदाचित झोपलं असेल. औषधी आणि रानटी झाडांत हे फार. भाजीपाल्याच्या बियांतली झोप पिढ्यान् पिढ्या निवड करून माणसाने घालवली, रानटी बियांत ती शाबूत आहे. सागरगोटा, गुंज, बावची यांच्या कवचातून पाणीच शिरत नाही. एका कडेला पॉलिश पेपरवर घासून आतला फिका थर दिसू दे, मग भिजवा. कळलावीला काही महिने निवांत पडू द्यावं लागतं. हिरड्याची आठळी फोडण्यात बोट फुटायची वेळ येते, पण ती न फोडता फार दिवस लागतात. सर्पगंधाची उगवण चांगल्या ताज्या बियालाही कमीच असते, तिथे शंभरातले वीस-पंचवीस आले तरी निराश होऊ नका.

मेलं की झोपलं ते बघायला दोन उपाय. भिजवलेला दाणा ब्लेडने उभा चिरा. आत घट्ट, पांढरा, भरलेला असेल तर आशा आहे. करडा, मऊ किंवा रिकामा असेल तर संपलं. दुसरा उपाय प्रयोगशाळेतला: टेट्राझोलियम नावाच्या द्रावणात ठेवल्यावर जिवंत भाग लाल होतो.

असं ठेवलेलं बी किती वर्षं टिकेल?

जातीवर आणि ठेवतानाच्या प्रतीवर आहे. नीट वाळवून उणे १८ वर ठेवलेलं वाळवणसोशी बी दशकानुदशकं टिकावं अशी अपेक्षा असते. निसर्गात थंडीशिवायही थक्क करणारे दाखले आहेत. इस्रायलमधल्या मसाडा किल्ल्यात सापडलेलं सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं खजुराचं बी २००५ साली रुजवलं गेलं. चीनमधल्या एका सुकलेल्या तळ्याच्या गाळात मिळालेलं कमळाचं बी हजाराहून अधिक वर्षं जुनं असून उगवलं. अमेरिकेत मिशिगनमध्ये १८७९ साली बाटल्यांत भरून पुरलेल्या बियांपैकी काही २०२१ सालीही उगवल्या. पण हे अपवाद म्हणूनच लक्षात राहतात. तुमच्या अश्वगंधेला कोणी हजार वर्षांची हमी दिली तर विश्वास ठेवू नका.

मग भिरंड, सीता अशोक, जायफळ यांचं काय करायचं?

गावपातळीवर एकच मार्ग, झाडं राखणं. बी ताजं असतानाच, ओलसर कोकोपीटमध्ये किंवा थेट पिशवीत लावा आणि रोपं वाटा. शास्त्रीय मार्ग आहे, पण तो प्रयोगशाळेचा. बियातला बारीक अंकुर कापून काढून, झपाट्याने वाळवून किंवा संरक्षक द्रावणात मुरवून द्रव नायट्रोजनमध्ये, उणे १९६ अंशांवर ठेवतात. द्रव नायट्रोजन गावाला नवा नाही. जनावरांच्या दवाखान्यात कृत्रिम रेतनाच्या कांड्या ज्या धूर निघणाऱ्या कॅनमध्ये असतात, त्यात तोच असतो. म्हणून डॉक्टरांना गळ घालून त्यात जायफळ बुडवून आणू नका. अंकुर काढण्याचं कसब आणि नंतर त्याला नळीत वाढवण्याची सोय नसेल तर हाती काही लागत नाही.

गुळवेल, वेखंड, सफेद मुसळी?

गुळवेल कांडीने, वेखंड गड्ड्याने, मुसळी मुळांच्या झुपक्याने लावतात. त्या जिवंतच राखायच्या. दोन-तीन घरांत वाटून लावल्या की एकाकडे गेल्या तरी दुसऱ्याकडे मिळतात.

फ्रीझरमधलं बी औषधाला वापरता येईल का?

हा साठा पेरणीसाठी आहे. औषधाला लागणारं बी वेगळं, ताजं घ्या.

आमचा साठा सरकारी बीजपेढीत देता येतो का?

दिल्लीच्या पुसा परिसरात राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोची राष्ट्रीय जनुकपेढी आहे. तिथे लाखो नमुने उणे १८ अंशांवर आहेत आणि द्रव नायट्रोजनचीही सोय आहे. व्यक्तीने पुडी पोस्टाने धाडण्यापेक्षा संस्थेमार्फत गेलेलं बरं. धारवाडचं कृषी विद्यापीठ, अरभावीचं उद्यानविद्या महाविद्यालय, मत्तीकोप्प किंवा तुक्कानट्टीचं कृषी विज्ञान केंद्र, यांपैकी जवळचं असेल तिथे आधी बोला. जाताना बी कमी असलं तरी चालेल, चिठ्ठी पूर्ण भरलेली हवी. जागा, तारीख आणि ओळख नसलेलं बी कोणतीही पेढी सहसा घेत नाही. आणि सगळं देऊन टाकू नका. निम्मं गावात ठेवा, दर काही वर्षांनी थोडं परसात लावा, नव्या बियाने जुनी पाकिटं बदला.